ठकूबाईचं पितळी ताट

साहेब, ताट तुमच्याकडे आहे. काठाला तीन ठिकाणी पोचे आलेलं, मागच्या बाजूला 'ठ' कोरलेलं पितळी ताट. पाच पुरणपोळ्या, चार वडे, तुपाची वाटी आणि वर विणलेला रुमाल अशा थाटात ते तुमच्या बंगल्याच्या मागच्या दारातून आत गेलं, ते बाहेर आलंच नाही. दुसऱ्या दिवशी तुमच्याकडून बाहेर आला तो टाइप केलेला कागद. पोळी आत, मेमो बाहेर! हा कुठल्या गावचा शेजारधर्म म्हणायचा?

तुमचं नाव इथं घातलेलं नाही. भीती वाटते म्हणून नव्हे. नाव घातलं की बाकीचे साहेब म्हणतील, "अरे, हा आपण नव्हेच," आणि सुखानं झोपतील. तसं नको. ज्याच्या खांद्याला तूप लागलं, त्याच्या खांद्याला कळेल.

पोलाद कारखान्याची तिसरी भट्टी पेटली त्याच्या पुढच्या सालची ही गोष्ट. मारोतराव सेक्टर सहामधल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरात बायको रंभासह राहत होता आणि मशीन शॉपात चार नंबरची क्रेन चालवत होता. क्रेन म्हणजे शॉपच्या छताखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत रुळांवर धावणारा लोखंडी पूल. त्याच्या पोटाशी काचेची खोपटी, आणि त्या खोपटीत मारोतराव. तिरोड्याकडचा धानकऱ्याचा पोरगा, हातात कासरा धरायचा तो आता दांडे धरून पंधरा टन लोखंड लोकांच्या डोक्यावरून नेत होता. खाली उभे असलेले मोठमोठे डिग्रीवाले मान वर करून त्याच्याकडे बघत. गावातल्या पाटलानंही त्याच्याकडे कधी मान वर करून बघितलं नव्हतं. त्याला या गोष्टीचा अभिमान होता, आणि पुढं जे झालं ते त्या अभिमानापायीच झालं.

पोळ्याच्या चार दिवस आधी त्याची आई ठकूबाई पॅसेंजरनं आली. आठ दिवसांसाठी. मारोतरावच्या मनात होतं की माय आता इथंच राहावी. गावात एकटी म्हातारी, बांड्या आणि मोऱ्या ही बैलजोडी दिराच्या गोठ्यात गेलेली, घरात बोलायला चूल. पण ठकूबाईला क्वार्टर मानवेना. पहिल्या दिवशी नळाला पाणी आलं तेव्हा तिनं नळाला हात जोडले. बटण दाबून दिवा लागला, दिव्याला जोडले. सकाळी गल्ली झाडायला बाई आली, तिला जोडले; ती बिचारी घाबरून झाडू टाकून पळाली. तिसऱ्या दिवशी ठकूबाई म्हणाली, "मारोत्या, इथं समदं आपोआप येते. उपकार मानाचे तं कोणाचे, तेच मले समजून नाही राहिलं. पोळा झाला का मी जातो बापा गावाले."

"कावून माय? इथं का कमी हाय?"

"कमी काही नाही. माह्या हाताले काम नाही अन् तोंडाले माणूस नाही. बरं, तुले पोसते कोण इथं?"

"कंपनी."

"दिसते का ते?"

"नाही."

"मंग तू बसतो काहावर?"

"क्रेनवर."

"भार तू उचलतो का ते उचलते?"

"तेच उचलते वो माय. दोन हुक असतेत तिले. एक पंधरा टनी, एक तीन टनी धाकटा."

ठकूबाईच्या चेहऱ्यावर तीन दिवसांत पहिल्यांदा ऊन पडलं. "म्हंजे जोडी हाय! अन् एवढा येळ सांगितलं नाही मले. रंभे, डाळ भिजू घाल. पोळा इथंच करू."

तिनं गाठोडं सोडलं. आत बांड्याची झूल होती आणि मोऱ्याची घुंगरमाळ. बैल दिराला दिले, पण झूल दिली नव्हती. दागिने लेकीला द्यावेत. झूल कोणाला द्यायची, हे तिला ठरवता आलं नव्हतं. आता ठरलं.

मारोतरावनं मनात हिशोब केला. आईचं मन राखायचं, चार शब्द पुटपुटायचे, घरी येऊन पोळी खायची. पण रीत अशी की पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा खांदा शेकायचा, हळद-लोणी चोळायचं आणि कानात सांगायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." एकदा आवतण दिलं की दुसऱ्या दिवशी त्या खांद्यावर जू ठेवायचं नाही. आणि पाहुणा जेवल्याशिवाय घरातल्या मोठ्यानं अन्नाला शिवायचं नाही. ही शेवटची दोन कलमं मारोतरावच्या ध्यानात आली, पण उशिरा. सगळी कलमं अशीच उशिरा ध्यानात येतात.

"क्रेनले खांदा कुठं असते माय?"

"भार कुठं घेते ते?"

"हुकात."

"मंग तोच खांदा. शिकलेला ना तू?"

पोळ्याच्या आदल्या पहाटे वाटीत लोणी कालवून झाल्यावर बोटाला राहिलेलं लोणी ठकूबाईनं मारोतरावच्या बनियनवरून खांद्यावर चोळलं. "तू बी तं जुपलेलाच हायेस." समोरच्या क्वार्टरच्या दारात टाइम ऑफिसातला बाबू देवराव दात घासत उभा होता. त्यानं हे पाहिलं. ग्रेड मिळालेला क्रेन ऑपरेटर बैलांच्या रांगेत उभा राहिला तो त्या सकाळी, सव्वापाच वाजता, साक्षीदारासह.

पहिली पाळी सुटताना मारोतरावनं हुक खाली घेतला, खोपटीतून उतरून इकडंतिकडं बघत लोणी लावलं आणि हुकाच्या वाकड्या टोकाशी तोंड नेऊन कुजबुजला. मागून आवाज आला, "कइसे भैया, नेवता दे हस त खवाबे घलो!"

हा सुखराम. खाली उभा राहून हुकात माल अडकवणारा, इथल्याच एका गावचा. त्याच्या घरीही पोळा होता. पोळ्याला तो त्याच्या बोलीत पोरा म्हणायचा. निमंत्रण दिलंस तर जेवायलाही घालशील ना, एवढंच त्यानं विचारलं. पण विचारलं ते मशीन शॉपच्या आवाजात. मशीन शॉपात कुजबुज करायची तरी ओरडून करावी लागते. पाळी सुटेपर्यंत चार नंबरच्या क्रेनला जेवायचं आवतण आहे, ही बातमी गेटाबाहेर पोचली होती. मारोतराव सायकलवरून घरी पोचला तेव्हा ती त्याच्या आधी येऊन देवरावच्या ओट्यावर बसली होती.

"मारोतराव," देवराव म्हणाला. हा मूळचा अमरावतीकडचा, बोलणं स्वच्छ आणि सल्ला त्याहून स्वच्छ. "अर्ज केला का?"

"काहाचा?"

"यंत्रास भोजन देण्याचा. आपल्याकडे केलेल्या गुन्ह्याला माफी असते, न केलेल्या अर्जाला नसते. चला, तीन प्रतींत लिहून देतो."

सल्ला देणाऱ्या माणसाचं एक असतं. त्याचा सल्ला ऐकला नाही तर तो चिडतो, आणि ऐकला तर तो तुमच्याबरोबर चालत येतो. देवराव मारोतरावच्या सायकलीच्या दांड्यावर बसून कारखान्याच्या ऑफिसापर्यंत आला.

पहिल्या टेबलावरच्या बाबूनं छापील यादी काढली. "पोळा यादीत नाही. आठ दिवसांवर विश्वकर्मा पूजा आहे. तेव्हा सगळ्या यंत्रांना हार मिळतो, तुमच्या क्रेनलाही मिळेल."

"पूजा नाही जी," मारोतराव म्हणाला. "जेवण हाय. देवाले वाट पाहता येते. पाहुण्याले कसं सांगाचं का आठ दिवसांनं ये म्हणून?"

हे बोलल्यावर तो स्वतःच दचकला. बोलणं आईचं होतं, तोंड तेवढं त्याचं.

भोजनाचा विषय म्हणून अर्ज दुसऱ्या टेबलावर, कँटीनच्या बाबूकडे गेला. त्यानं मान वर न करता लिहायला घेतलं. "पाहुणे किती?"

"एकच. म्हंजे दोन."

"नाव?"

"चार नंबर."

"शाकाहारी?"

मारोतरावनं विचार केला. तेल पिते, ग्रीस खाते. "शाकाहारी लिवा."

"वजन फार आहे काय? पाहुण्याला बसायला बाकडं लागेल?"

"बसत नाही जी. टांगलेलीच असते."

तेव्हा बाबूनं मान वर केली, मारोतरावकडे बघितलं, देवरावकडे बघितलं, आणि अर्ज तिसऱ्या टेबलाकडे सरकवला. तिथं सुरक्षिततेचे जाणकार होते. त्यांचं म्हणणं, हुकावर कोणतीही वस्तू अडकवायची तर तिचं वजन लिहावं आणि हुक ते वजन पेलतो असा दाखला जोडावा. पंधरा टनी हुक पुरणपोळी पेलतो, हे लेखी द्यायला कोणी तयार होईना. दोघांनी सह्या टाळल्या, तिसऱ्यानं विचारलं, "पुरण गुळाचं की साखरेचं?" शेवटी अर्जावर शेरा पडला: 'समक्ष बोलावे.' कोणाशी, ते लिहिलेलं नव्हतं.

घरी ठकूबाईनं एकच विचारलं, "आवतण घेतलं का तिनं?"

"घेतलं."

"बस. मंग उद्या तिले जुपाचं नाही. अन् ते जेवल्याबिगर मी बी जेवत नाही. मंग परवा सकाळच्या गाडीनं जातो."

रंभानं दारामागून नवऱ्याकडे बघितलं. त्या बघण्यात सगळं होतं. उद्या पहिली पाळी आहे. क्रेन थांबणार नाही. तुम्ही घरी येऊन खोटं बोलाल. त्यांना ते कळेल. त्या उपाशी राहतील, परवा जातील आणि पुन्हा येणार नाहीत. रंभा फार बोलत नसे. तिला गरज पडत नसे.

पोळ्याच्या दिवशी पहाटे मारोतराव निघाला. डब्यात पोळ्या, सदऱ्याच्या आत पोटाला गुंडाळलेली झूल आणि झुलीत घुंगरमाळ. पायडल मारलं की पोट वाजायचं. छम. छम. गेटवर वॉचमननं हात आडवा केला.

"क्या बज रहा है?"

"पेट में दर्द है."

"दर्द में घुंगरू?"

मागून सुखराम आला आणि म्हणाला, "जान दे भैया, आज पोरा ए." वॉचमनच्याही गावी आज जोडी सजत असणार आणि तो इथं पोटं तपासत होता. त्यानं हात खाली घेतला. साहेब, त्या दोन दिवसांत तुमच्या अख्ख्या व्यवस्थेत लेखी दाखला न मागणारा हा एकच माणूस भेटला. त्याची बदली करू नका.

बेत साधा होता. साडेदहाला क्रेनला दहा मिनिटं उसंत मिळायची. तेवढ्यात हुक खाली घ्यायचा, झूल पांघरायची, माळ बांधायची, पोळी चारायची, सगळं काढायचं. तोवर सकाळच्या तीन खेपा झाल्या होत्या. प्रत्येक खेपेला दांडा ओढताना मारोतरावनं हुकाकडे बघायचं टाळलं.

साडेदहाला सुखरामनं खाली झूल बांधली, मोठ्या हुकाच्या मानेवर. धाकट्या हुकाला माळ. बैलाच्या तोंडाशी धरावी तशी तुपानं थबथबलेली एक पोळी हुकाच्या टोकावर खोवली आणि हात जोडले. तेवढ्यात शिट्टी झाली.

आता तुम्ही आलात, साहेब. पांढरा कडक बुशकोट, बरोबर पाहुणे, पाहुण्यांत एक थोराड रशियन इंजिनियर आणि त्याचा दुभाषी. काम दाखवायचं होतं. फोरमन ओरडला, "चार नंबर! उचल!" सुखराम झुलीची गाठ सोडायला धावला, पण दिराला सुटू नये म्हणून ठकूबाईनं लेकाला शिकवलेली गाठ ती, आणि लेकानं सुखरामला दाखवलेली. सुटली नाही. फोरमननं पुन्हा शिट्टी फुंकली. काचेच्या खोपटीत मारोतरावचा हात दांड्यावर गेला, कारण शिट्टी झाली की हात जातो. त्यात बैल आणि माणूस सारखेच.

क्रेन निघाली. निळी झूल, तिच्यावर आरसे, छम छम छम छम. लेथवाल्यांनी लेथ थांबवले. कोणी तरी "हर्रर्र" केलं. चार नंबर अशी काही डुलत आली की मारोतरावनं वरून बघितलं आणि, खरं सांगायचं तर, त्याला क्षणभर अभिमान वाटला. अख्ख्या गावात अशी जोडी नव्हती. त्या क्षणभरात त्यानं ब्रेक उशिरा दाबला. हुक झुलला. पोळी सुटली. आणि तुपासकट, पुरणासकट, तुमच्या डाव्या खांद्यावर येऊन बसली.

वरच्या खोपटीत मारोतरावनं ब्रेक आता पुरता दाबला.

तुम्ही लाल झालात. इंग्रजीत काही बोललात, मग हिंदीत तेच बोललात. शेवटी जो हुकूम दिलात तो शॉपातल्या प्रत्येकानं ऐकला: "चौकशी संपेपर्यंत ही क्रेन इंचभर हलता कामा नये! आज हिला कोणी हात लावायचा नाही!"

पावणेअकरा वाजले होते. रशियन इंजिनियरनं दुभाष्याला विचारलं, दुभाष्यानं सुखरामला विचारलं, आणि उत्तर परत रशियनकडे गेलं. तो गंभीरपणे पुढं आला. त्यानं झूल सरळ केली आणि हुकाला दोनदा थोपटलं. थोपटणं बघून मारोतरावला कळलं की या माणसाच्या घरी कधी तरी जनावर होतं.

इथं वाचणाऱ्याला वाटेल की आता क्रेन तपासताना तार झिजलेली सापडली, अपघात टळला आणि मारोतरावला बक्षीस मिळालं. तसलं काही झालं नाही. क्रेन ठणठणीत होती. बैल आजारी असतो म्हणून पोळा करतात काय? उपयोग झाला तरच आभार मानायचे, ही ऑफिसची रीत आहे, घरची नाही.

मारोतराव घरी आला तो मान खाली घालून. ठकूबाई भिंतीला टेकून बसली होती. सकाळपासून पाण्याशिवाय पोटात काही नव्हतं. त्यानं सगळं सांगितलं. तीन खेपाही सांगितल्या. खोटं बोलायचं ठरवून आलेला माणूस आईसमोर बसला की कसा फितूर होतो, ते ज्याचं त्याला ठाऊक.

"मंग बाकी दिवसभर उभीच हाय?"

"हो. साहेबाचा हुकूम हाय. कोणी हात नाही लावाचा."

"म्हंजे साहेबानं जू सोडलं तिचं!" ठकूबाई ताठ बसली. "देवमाणूस म्हनाचा. अन् पोळी कुठं पडली म्हणतो त्याच्या?"

"खांद्यावर."

"तूप बी लागलं?"

"लय लागलं."

ठकूबाईनं रंभाकडे बघितलं. रंभानं निमूट पितळी ताट काढलं.

"माय, नोको," मारोतराव म्हणाला. त्याला पुढचं दिसलं.

"नोको काय बे? क्रेन तं जेवली, पोळी लागली तिच्या तोंडाले. खांद्याले तूप लागलं म्हंजे आवतण झालं. आवतण देऊन उपाशी ठेवू का त्याले? तो जेवला का मंग मी जेवतो."

देवराव सल्ला द्यायला आलाच होता. "मारोतराव, ज्याच्यावर गुन्हा केला त्यालाच मुद्देमाल नेऊन देणं कायद्यात बसत नाही."

"तुम्ही बी बसा देवरावभाऊ," ठकूबाई म्हणाली, "दोन पोळ्या खाऊन जा." देवरावनं कायदा बाजूला ठेवला.

मारोतराव एका हातात हँडल आणि एका हातात ताट धरून तुमच्या बंगल्यापर्यंत आला. पुढच्या दारी कुत्रा होता, म्हणून मागच्या दारी गेला. तुमच्या नोकरानं रुमाल उचलून बघितलं, "साहब आराम में हैं" म्हणाला, ताट आत नेलं आणि दार लावलं. मारोतराव पाऊण तास पायरीवर उभा राहिला. मग घरी आला.

"जेवला का तो?"

मारोतरावनं भिंतीकडे बघितलं. "ताट आत नेलं माय."

"मंग जेवला. दारातून आत नेलेलं ताट कोण उपाशी ठेवते?" असं म्हणून तिनं पहिला घास घेतला. त्या दिवसातला पहिला. संध्याकाळचे सहा वाजले होते.

दुसऱ्या दिवशी तुमचा मेमो आला. देवरावनं वाचून दाखवला. हुकास अनधिकृत खाद्यपदार्थ लावणे. यंत्रास जनावराचे वस्त्र परिधान करविणे. वाद्य वाजविणे. चोवीस तासांत लेखी खुलासा. देवरावनं खुलाशाचा मसुदाही काढून आणला होता: 'सदर पोळी नजरचुकीने...'

"नजरचुकीनं?" ठकूबाई उसळली. "आवतण चुकून देतेत का कोणी? लिव, मारोत्या. बैल सोळा वरसं राबले, वरसातून एक दिस मी त्याईले विचारलं. तुह्या हुकानं माह्या लेकराले दोन खोल्या देल्या, तिले बी विचारलं. त्यात लपवाचं काय हाय?"

मारोतरावनं तसंच लिहिलं. अक्षर वाकडं, पण सही सरळ. त्याच्या एका वेतनवाढीला तुम्ही कात्री लावलीत. ठीक आहे. त्याबद्दल इथं भांडण नाही.

भांडण ताटाचं आहे. ठकूबाई दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं गेली नाही. "माहं ताट येऊ दे, मंग जातो," म्हणाली. दसरा गेला, दिवाळी गेली. मधल्या काळात गल्ली झाडणारी बाई आता तिच्याजवळ चहाला बसते, सुखरामची बायको तिच्याकडून वडे शिकली, वॉचमन येताजाता "दाई, राम राम" करतो; दाई म्हणजे इकडची माय. दर आठवड्याला ती मारोतरावला तुमच्याकडे पाठवते. तो सायकल काढतो, सेक्टरला दोन चकरा मारतो आणि परत येऊन सांगतो, "साहेब घरी नव्हते." रंभा दारामागून बघते आणि चहा टाकते.

तेव्हा साहेब, ताट परत करू नका. चुकूनसुद्धा करू नका. तिच्या सुनेची तशी विनंती आहे. पण तुमच्या खाण्याच्या भरवशावर एका म्हातारीनं दिवसभराचा उपास सोडला, आणि ती अजून रोज विचारते. म्हणून तुम्हाला एवढंच विचारायचं आहे, आणि मुदत तुमचीच, चोवीस तासांची:

पोळी खाल्लीत का? गोड झाली होती का?

लेखी कळवा.